गोलमध्ये कोण उभं आहे

आमच्या मेडिकल कॉलेजात दर एप्रिलला एक मोसम यायचा. बाहेर डॅफोडिल्स फुललेली असायची आणि आत आमच्या लॅक्रॉस क्लबच्या मुली येत्या ऑक्टोबरात कोण कोण ‘येणार’ याची चर्चा करत बसलेल्या असायच्या. येणार कुठून, तर त्या जुन्या, दगडी, स्वतःवर फार खूश असलेल्या युनिव्हर्सिट्यांमधून. तिथली मुलं-मुली पहिली तीन वर्षं पुस्तकातलं मेडिसिन तिथेच शिकायची आणि मग खरे आजारी लोक बघायला लंडनच्या हॉस्पिटलांत बदलून यायची. आम्ही पहिल्या दिवसापासून लंडनमध्येच होतो, त्याच तळघरात, त्याच फॉर्मॅलिनच्या वासात मुरलेल्या. आमचं कुणाला काय कौतुक असणार. कौतुक सगळं येणाऱ्यांचं. त्या आल्या की आमची टीम कशी बदलेल, शेजारच्या हॉस्पिटलची कशी जिरेल, याची स्वप्नं रंगायची. त्यातली एकही बाई तोवर कुणी खेळताना पाहिलेली नसायची, ही किरकोळ बाब.

लॅक्रॉस म्हणजे काय ते आमच्या नातेवाइकांत अजून कुणाला धड माहीत नाही, म्हणून सांगते. लांब काठी, तिच्या टोकाला जाळी. त्या जाळीत कडक रबरी बॉल झेलायचा, पळायचं, आणि समोरच्यांच्या गोलमध्ये फेकायचा. बाबा त्याला झारा घेऊन पळायचा खेळ म्हणायचे. मुलींचं लॅक्रॉस म्हणजे तिकडे महागड्या बोर्डिंग शाळांची मक्तेदारी: स्कर्ट, वेणी, दातांवर रबर आणि चेहऱ्यावर आपण फार मोकळ्या हवेत वाढलो असा भाव. अंगावर चिलखत फक्त एकीच्या, गोलकीपरच्या. डोक्याला हेल्मेट, तोंडापुढे लोखंडी जाळी, छातीला पॅड, पायांना पॅड. आईने ते सगळं पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं की तुम्ही खेळायला जाता की मधाचं पोळं काढायला. ती चिलखतातली बाई म्हणजे मी.

मी गोलकीपर झाले यात माझं कर्तृत्व शून्य. लंडनच्या पूर्व टोकाला असलेल्या इल्फर्डच्या सरकारी शाळेत आम्ही नेटबॉल खेळायचो, तोही डांबरावर. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सगळे क्लब टेबलं मांडून भरती करतात, त्यात लॅक्रॉसच्या टेबलापाशी घुटमळले ती तिथे फुकट बिस्किटं होती म्हणून. त्यांना गोलमध्ये उभी राहायला कुणी मिळत नव्हतं, कारण या बोर्डिंगवाल्यांना धावताना केस उडवायचे असतात, जाळीमागे तोंड लपवून चिखलात थांबायचं नसतं. मी रुंद होते आणि तोंडात बिस्किट असल्यामुळे नाही म्हणू शकले नाही. पहिल्या मॅचची आठवण आली की अजून नडगी ठणकते. पण माझा एक स्वभाव आहे. बॉल माझ्या बाजूने आत गेला की मला तो खेळातला गोल वाटत नाही, कुणीतरी माझ्या घरात चपला घालून शिरल्यासारखं वाटतं. त्या रागावरच मी शिकले. दुसऱ्या वर्षापासून आमच्या गोलमध्ये सहसा काही शिरत नव्हतं.

सुट्टीत घरी आले की सरावाला जागा एकच, बाबांच्या दवाखान्याची मागची भिंत. बाबा इल्फर्डला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होते. ते आत कुणाच्या तरी छातीला स्टेथोस्कोप लावून बसलेले, आणि बाहेर मी भिंतीवर धाडधाड बॉल आपटायचे, परत आला की अडवायचे, पुन्हा आपटायचे. मग खिडकी उघडायची. पेशंटचं हृदय ऐकतोय की तुझा बॉल, काही कळत नाहीये, एवढं म्हणून बाबा खिडकी लावून घ्यायचे. पुरती मात्र लावायचे नाहीत. थोडी फट राहायची, आणि माझा बॉल चालू राहायचा.

बाबांना सर्जन व्हायचं होतं. त्यांचा हात फार सफाईचा होता असं त्यांच्याबरोबर पुण्याहून आलेले डॉक्टरकाका सांगायचे, बाबा स्वतः कधीच नाही. इंटरव्ह्यू झाले, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. टेबलाच्या पलीकडे सभ्य माणसं. आधी हवापाण्याच्या गप्पा, मग तुम्ही शिकलात कुठे, मग कॉलेजात खेळत काय होतात. तुम्ही कापता कसं, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. जागा मिळायची ती त्याच हॉस्पिटलच्या कॉलेजातून आलेल्या कुणाला तरी, ज्याने त्या सभ्य माणसांबरोबर रग्बी खेळलेलं असायचं. शेवटी बाबांनी इल्फर्डला दवाखाना टाकला आणि तो विषय घरात बंद झाला. राहिलं एवढंच, की एखाद्या कन्सल्टंट सर्जनचा फोन आला की बाबा ‘सर’ म्हणायचे आणि त्यांचा आवाज एक पायरी खाली उतरायचा. मला ते ऐकवायचं नाही. मी खोलीतून उठून जायचे.

तर ती एप्रिलची निवड. ती मैदानावर व्हायची नाही, शेरीवर, म्हणजे गोडसर वाइनच्या घोटांवर व्हायची. आमच्या क्लबचे प्रेसिडेंट एक वयस्क सर्जन होते, गुलाबी गालांचे, क्लबचा टाय झोपतानाही काढत नसावेत असे. त्यांच्या हॉस्पिटलमधल्या खोलीत येणाऱ्या मुलींना बोलवायचं, हातात अंगठ्याएवढा ग्लास द्यायचा आणि गप्पा मारायच्या. त्या गप्पांतून टीम ठरायची. काठी नाही, बॉल नाही, मैदान नाही. मला तो प्रकार पहिल्याच वर्षी ओळखीचा वाटला, कारण ब्रॅकनेलच्या मावशीकडे तेव्हा हेच चाललं होतं. मावसबहिणीसाठी स्थळं यायची. मुलाचे आजोबा कोण, आईचं माहेर कुठलं, घराणं कसं, याची बारकाईने चौकशी व्हायची आणि मुलगा बावळट आहे का, एवढं सोडून सगळं विचारलं जायचं, कारण ते विचारणं बरं दिसत नाही. मावशी निदान पोहे तरी करायची. सर्जनसाहेबांकडे खारे शेंगदाणे असायचे आणि ते फिरवायचं काम माझ्याकडे. का माझ्याकडे, हे विचारू नका. खोलीत बशी घेऊन फिरायला सगळ्यांत शोभून दिसणारी कोण, ते त्यांना न बोलता कळायचं.

माझ्या चौथ्या वर्षाच्या आधीच्या त्या एप्रिलला एक मुलगी आली. उंच, गोरी, अतिशय सभ्य, बोलताना मान किंचित वाकडी करणारी. सर्जनसाहेबांनी तिचं आडनाव ऐकलं आणि त्यांचे गुलाबी गाल लाल झाले. तिची आई त्यांच्या तरुणपणी गाजलेली गोलकीपर होती म्हणे, सगळ्या काउंटीत तिच्यासारखी नव्हती. त्यांनी ती मॅच सांगितली, मग दुसरी मॅच सांगितली. मुलीची शाळा कुठली ते विचारलं. तिने शाळेचं नाव घेतलं आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. लॅक्रॉससाठी त्याहून मोठी शाळा त्या देशात नव्हती. मुलगी हसली आणि म्हणाली की मम्मी अजून त्या मॅचेसबद्दल बोलते. झालं. घराणं उत्तम, शाळा उत्तम, उंची उत्तम. कुंडली जुळली. मी शेंगदाण्यांची बशी धरून तिच्यासमोर उभी होते आणि तिने मला इतक्या मनापासून थँक यू म्हटलं, की मला तिचा आणखीच संताप आला.

दोन दिवसांनी कॅप्टनने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. ही कॅप्टन म्हणजे कुणाला दुखवायचं नाही या ध्येयाने झपाटलेली बाई. आधी माझ्या पेपरांची चौकशी, मग माझ्या स्वेटरचं कौतुक, आणि मग खालच्या आवाजात मुद्दा.

“ती आली की तू रिझर्व्हला राहिलीस, तर तुला चालेल ना?”

इंग्लंडमध्ये वाढलेल्यांना हा प्रश्न बरोबर कळतो. हा प्रश्न नसतोच. इल्फर्डमध्ये कुणी माझी जागा घेतली असती तर मी तोंडावर सुनावलं असतं. पण त्या कॉरिडॉरमध्ये, त्या गोड आवाजापुढे, मी चालेल म्हणाले. वर हसलेसुद्धा. खोलीत येऊन उशीला एक ठोसा मारला आणि मनाला समजावलं की अजून काही नक्की नाही, ऑक्टोबर लांब आहे.

त्या उन्हाळ्यात आईने बाबांना सांगितलं की हिचं हे खेळायचं शेवटचं वर्ष, पुढे वॉर्ड आणि परीक्षा, मग कसलं लॅक्रॉस. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी तोवर माझी एकही मॅच बघितली नव्हती. बुधवारी दुपारी त्यांचा दवाखाना बंद असायचा आणि कॉलेजांच्या मॅचेसही बुधवारीच असायच्या, पण बुधवारची दुपार म्हणजे बाबांची झोप, तिला हात लावायचा नाही असा आमच्या घरचा कायदा. पेपर खाली न घेताच ते म्हणाले, ऑक्टोबरातली ती ढालीची मॅच बघायला येतो. ही मॅच म्हणजे शेजारच्या हॉस्पिटलच्या कॉलेजाशी आमची दरवर्षीची खुन्नस. बक्षीस काय, तर एक लाकडी ढाल, कोपरा तुटलेली. पण त्या ढालीपायी आधीच्या वर्षी दोघींची नाकं फुटली होती.

बाबा येतो म्हणाले आणि मी जिन्यावर जाऊन बसले. मला तेव्हा दुसरं काहीही नको होतं. ढाल गेली खड्ड्यात. बाबांनी एकदा, फक्त एकदा, मला गोलमध्ये उभी राहिलेली बघावं.

ऑक्टोबर आला, ती मुलगीही आली. मॅचच्या आधी एकच प्रॅक्टिस होती, आणि तीत ती सर्दी झाली म्हणून रुमाल नाकाला लावून रेषेबाहेर उभी राहिली. कॅप्टन म्हणाली की त्या दर्जाच्या खेळाडूला प्रॅक्टिसची गरज नसते. मी विचारलं, दर्जा कधी बघितलास. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी कुणाच्या तरी आजारी आजीबद्दल वाईट बोलले. सोमवारी नोटीस बोर्डावर टीम लागली. गोलमध्ये ती. सगळ्यांत खाली, रिझर्व्ह म्हणून, मी.

मी होस्टेलच्या पेफोनवरून घरी फोन लावला. बाबांना येऊ नका म्हणून सांगायचं, एवढं ठरवून लावला. आईने उचलला. माझं काही ऐकायच्या आत ती म्हणाली की तुझ्या बाबांनी काल मॅचसाठी गमबूट आणलेत, घरात घालून फिरून बघितले, हिरवे आहेत, एखाद्या लॉर्डासारखे दिसतात. मी म्हटलं, छान. जे सांगायला फोन लावला होता ते न सांगताच ठेवला. हिरव्या गमबुटांना काय सांगणार.

बुधवारी आकाश राखाडी होतं आणि मैदान लंडनच्या बाहेर, चिखलाने भरलेलं. मी ट्रॅकसूट घालून रेषेपलीकडच्या बाकावर बसले. समोरच्या बाजूला सर्जनसाहेब शूटिंग स्टिकवर, म्हणजे टोकाला छोटी बैठक असलेल्या काठीवर बसलेले, हातात चांदीची बाटली. मॅच सुरू व्हायला आली आणि मैदानाच्या टोकाकडून बाबा येताना दिसले. दवाखान्याचा सूट, वर रेनकोट, खाली ते गमबूट. त्यांनी बाकाकडे बघितलं नाही. सरळ आमच्या गोलच्या मागे गेले आणि थर्मास गवतात ठेवून उभे राहिले. आमच्या गोलमध्ये माझं हेल्मेट, माझी पॅड्स, माझ्या आईने नवं इलॅस्टिक शिवून दिलेले पट्टे, सगळं होतं. क्लबकडे तो एकच संच होता. आत फक्त मी नव्हते.

पहिला बॉल आला आणि तिच्या डोक्यावरून आत गेला. तिने काठी हलवली, पण बॉल जाळीत पडून शांत झाल्यावर. सर्जनसाहेब ओरडले, हार्ड लक. दुसरा आला, तिच्या दोन पायांमधून गेला. सर्जनसाहेब पुन्हा, हार्ड लक. आणि मग मला मैदानाच्या त्या टोकाकडून मराठी ऐकू यायला लागलं. बाबा मोठ्याने बोलत नव्हते, पण वारा आमच्या दिशेने होता. अगं घाबरू नकोस, ते म्हणत होते. डोळे मिटू नकोस. येऊ दे बॉल, बघ त्याच्याकडे, काही होत नाही. तिसरा गोल झाला. असू दे, असू दे, बाबा म्हणाले, सरळ उभी राहा.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या जन्मदात्या बापाला त्या लोखंडी जाळीआड मीच आहे असं वाटत होतं. तीन वर्षांत एकदा झोप सोडून आला माणूस, नवे बूट घेऊन, आणि त्याला दिसत होतं काय, तर आपली मुलगी एखाद्या बुजगावण्यासारखी उभी आहे आणि दर थोड्या वेळाने तिच्या अंगावरून बॉल जातोय. बरं, मी इथे आहे असं ओरडून सांगायचीही सोय नाही, कारण सांगितलं तर बाकावर बसवलेली मुलगी दिसणार. कुठली लाज जास्त बरी, याचा मी विचार करत होते. शेजारी बसलेली मुलगी मला विचारत होती की ते गृहस्थ कोण, कुठली भाषा बोलतायत. मी म्हटलं, माहीत नाही. नंतर लगेच म्हटलं, माझे बाबा आहेत, आणि मराठी.

हाफटाइमपर्यंत आमचा धुव्वा उडाला होता. इंग्लंडमध्ये हाफटाइमला संत्र्याच्या फोडी खायची पद्धत आहे. सगळ्या जणी टबाभोवती जमल्या आणि ती मात्र हेल्मेटसकट पॅव्हेलियनच्या मागे गेली. मी तिच्या मागे गेले. तिला दोन शब्द ऐकवायचेच होते, इंग्रजीतले माझ्याकडचे सगळे तयार होते. तिने हेल्मेट काढलं तर आत रडून सुजलेला चेहरा.

“मी कधी खेळलेलेच नाहीये,” ती म्हणाली. “कधीच नाही.”

लहानपणापासून तिला दमा होता. त्या मोठ्या शाळेत बाकीच्या मुली लॅक्रॉस खेळायच्या तेव्हा हिला आत बसवून एक काम दिलेलं असायचं, हाफटाइमसाठी संत्री कापायचं. सात वर्षं तिने संत्री कापली. मी विचारलं, मग तोंड शिवलं होतं का तुझं, सांगितलं का नाहीस. ती म्हणाली की कुणी विचारलंच नाही, आणि सगळे मम्मीबद्दल इतकं छान बोलत होते की मध्ये बोलणं उद्धटपणाचं झालं असतं. काय माणसं असतात. विचारणं वाईट दिसतं म्हणून हे विचारणार नाहीत, सांगणं वाईट दिसतं म्हणून ही सांगणार नाही, आणि या सगळ्या चांगुलपणात माझी जागा गेली. मला इतकं हसू आलं असतं, जर बाबा तिथे त्या चिखलात उभे नसते तर.

तिने नाक पुसलं आणि विचारलं, “माझ्या मागे एक गृहस्थ आहेत. ते मला काय सांगत होते?”

“डोळे मिटू नकोस म्हणत होते.”

ती म्हणाली, त्यांना मागून कसं कळलं? मी तिच्या पायांचे पट्टे सोडायला लागले.

दुखापत झाली तरच खेळाडू बदलता येईल, असं अंपायरबाईंचं म्हणणं होतं. तेव्हा कॅप्टनने जाहीर केलं की हिचा गुडघा मुरगळलाय. भावी डॉक्टरांची अख्खी टीम त्या गुडघ्याभोवती गोळा झाली, प्रत्येकीने तो गंभीरपणे दाबून बघितला आणि सगळ्यांनी एकमताने त्या धडधाकट गुडघ्याला सूज आहे असा निर्वाळा दिला. माझ्या सबंध शिक्षणात मी इतकं एकमत पुन्हा बघितलं नाही. मी हेल्मेट चढवलं. आत तिच्या रडण्याचा ओलावा होता.

हाफटाइमनंतर बाजू बदलतात. मी दुसऱ्या टोकाच्या गोलमध्ये जाऊन उभी राहिले आणि बघितलं तर बाबा थर्मास उचलून, गमबुटांनी चिखल तुडवत, सगळ्या मैदानाला वळसा घालून येत होते. आले, माझ्या मागे उभे राहिले. मला वाटलं, आता सुरू होईल, घाबरू नकोस, डोळे मिटू नकोस. बॉल आला. मी अडवला. मागे शांतता. दुसरा आला, छातीवर घेतला, समोरच्या मुलीच्या तोंडासमोर उचलून लांब भिरकावला. मागून शब्द नाही. माझा राग चढत गेला. त्या संत्री कापणारीला इतका उपदेश, आणि मी इथे जीव काढतेय तर शाब्बास म्हणायलाही तोंड उघडत नाही माणूस. त्या रागात मी जे येईल ते अडवत सुटले. एकच बॉल आत गेला, तो आमच्याच मुलीच्या काठीला लागून. पुढच्या मुलींनाही जोर आला आणि त्या गोल करत सुटल्या. तरी शेवटी आम्ही एका गोलने हरलो. ढाल शेजारच्यांकडेच राहिली, तुटक्या कोपऱ्यासकट.

नंतर पॅव्हेलियनमध्ये चहा आणि काकडीची सँडविचेस. मी पॅड्स उतरवून ट्रॅकसूटमध्येच बाबांच्या शेजारी उभी होते. सर्जनसाहेब त्या मुलीकडे गेले आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले की सुरुवातीला जरा बिचकलीस खरी, पण हाफटाइमनंतर काय सावरलीस, रक्त शेवटी बोलतंच, मला तुझ्या आईचीच आठवण झाली. ती लाल झाली. आणि तिचं श्रेय मी तिला देते, तिने या वेळी तोंड उघडलं. म्हणाली की सर, दुसऱ्या हाफमध्ये मी नव्हते, ती होती, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. सर्जनसाहेबांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. किती मोठ्या मनाची मुलगी, असं ते शेजारच्या बाईंना म्हणाले, श्रेय घ्यायला तयारच नाही, अगदी आईवर गेलीय. आयुष्यभर माणसांची पोटं उघडून आत बघितलेला माणूस. त्याला एवढं उघडं सत्य समोर ठेवलं तरी दिसलं नाही.

मग ते आमच्याकडे वळले. बाबांच्या गमबुटांकडे बघून त्यांनी हवेबद्दल काहीतरी म्हटलं. मी बाबांकडे बघितलं नाही. आता ‘सर’ येणार, आवाज खाली उतरणार, हे मला माहीत होतं. मी सँडविचमधली काकडी मोजायला लागले.

सर्जनसाहेबांनी विचारलं, तुमची मुलगी काही खेळते का?

“खेळते,” बाबा म्हणाले. “तुम्ही आत्ताच बघितलंत.”

इंग्रजीतच बोलले, आवाज नेहमीचा, पेशंटला औषध कसं घ्यायचं ते सांगतात तसा. ‘सर’ कुठेही नव्हतं. सर्जनसाहेब म्हणाले, स्प्लेंडिड, आणि केक कुठे आहे ते शोधत निघून गेले. त्यांना काही कळलं नाही. पुढच्या एप्रिलला त्यांनी पुन्हा शेरी दिली, पुन्हा आडनावं विचारली. मी शेंगदाणे फिरवायला गेले नाही.

बाबांच्या गाडीतून आम्ही परत निघालो. नॉर्थ सर्क्युलर या लंडनच्या रिंग रोडला ट्रॅफिक तुंबलेलं. गमबूट मागच्या सीटखाली वर्तमानपत्रावर ठेवले होते आणि गाडीभर चिखलाचा वास होता.

मी म्हटलं, “बाबा, पहिल्या हाफला ती मी नव्हते.”

“माहितीये मला.”

मी त्यांच्याकडे वळले. ते रस्त्याकडे बघत म्हणाले की इतकी वर्षं खिडकीतून बघतोय, तू गोलसमोर भांडायला आल्यासारखी उभी राहतेस. ती पोरगी डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्यासारखी उभी होती. दर बॉलला खांदे कानापर्यंत जात होते. मी विचारलं, मग तिला कशाला एवढं सांगत होतात, तिला काय कळणार होतं मराठी. ते म्हणाले, शब्द कळले नसतील, पण बाकी कुणी काही बोलतच नव्हतं तिच्याशी. हार्ड लक म्हणत होते फक्त.

“आणि मला एक शब्द नाही बोललात तुम्ही. शेवटपर्यंत.”

पुढचा सिग्नल लाल झाला. बाबांनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. वायपर एकदा फिरवून बंद केले.

“मी बघत होतो,” ते म्हणाले. आणि मग, हँडब्रेकवरचा हात न काढता, “इतक्या वर्षांत मला हाफटाइमला कुणी आत बोलावलं नाही गं.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला, तरी त्यांनी गाडी लगेच काढली नाही.